आकृती प्रमाणात नाही

ठाण्यातल्या एका मराठी शाळेत मी एकतीस वर्षे भूगोल शिकवला, आणि त्या काळात 'हिमनदीचे कार्य' हे प्रकरण निदान साठ वेळा तरी फळ्यावर काढले असेल. डावीकडे वर हिमगव्हर, म्हणजे बर्फाने डोंगरात कोरलेला खोलगट खळगा, त्याच्या शेजारी चहूबाजूंनी कोरून निघालेले गिरिशृंग, मध्ये इंग्रजी यू अक्षरासारखी दरी, त्या दरीच्या भिंतीवर अर्ध्यातच तुटलेली लोंबती दरी आणि तिच्या तोंडातून पडणारा धबधबा, खाली हिमोढ, म्हणजे बर्फाने आणून टाकलेला दगडमातीचा ढीग, आणि उजव्या हाताला समुद्र आत शिरलेला दाखवायचा असेल तर फिओर्ड. बर्फ पांढऱ्या खडूने, पाणी निळ्या खडूने, आणि निळा खडू संपला असेल (तो नेहमीच संपलेला असे) तर पाणीही पांढरेच. सगळे झाले की उजव्या कोपऱ्यात एक ओळ लिहायची. ती मुलांनी वहीत उतरवून घ्यावी असा माझा आग्रह असे आणि तिच्यावर अर्धा गुण अवलंबून आहे असे मी खुशाल खोटे सांगत असे. ती ओळ म्हणजे 'आकृती प्रमाणात नाही'.

दर दोन-तीन वर्षांनी एखादे मूल उभे राहून विचारी, "बाई, तुम्ही पाहिलीय का हिमनदी?" मी म्हणे, "सूर्यसुद्धा मी जवळून पाहिलेला नाही, तरी तो शिकवतेच ना?" वर्ग हसे आणि तास पुढे सरके. खरा अडचणीचा प्रश्न वेगळाच होता, आणि तो नेहमी मागच्या बाकावरून येई: गोळेवाल्याकडचा बर्फ तर किसणीवर किसला जातो, मग तो डोंगर कसा कापतो? पुस्तकातले उत्तर मला पाठ होते. बर्फ स्वतः फारसे कापत नाही. त्याच्या तळाशी गोठून बसलेले दगडगोटे वरच्या शेकडो मीटर थराच्या वजनाखाली खडकावरून घासत जातात, सुताराच्या पॉलिश पेपरवरचे कण लाकडावरून जावेत तसे. उत्तर बरोबर होते आणि मुले ते परीक्षेत लिहीतही, पण सांगताना माझ्या आवाजात जो एक पोकळपणा येई तो त्यांना कळो न कळो, मला कळत असे.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी, गेल्या मार्चमध्ये, मी न्यूझीलंडला गेले. मार्चमध्ये प्रवासाला निघणे हीच मला आधी मोठी चैन वाटली, कारण आयुष्यातले सगळे मार्च प्रश्नपत्रिका, पर्यवेक्षण आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे यांत गेले होते. सोबत वन्सं होत्या. त्या माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण, डोंबिवलीला असतात, वय ७२, वजन ४६ किलो, आणि मत प्रत्येक बाबतीत. त्यांचा मुलगा दक्षिण बेटावरच्या डनिडिन शहरात नोकरीला आहे. त्याने आईसाठी आणि मामीसाठी एक बेत आखून ठेवला होता: मिलफर्ड साउंडला जायचे, आणि तिथून हेलिकॉप्टरने फिओर्डवरून आणि हिमनद्यांवरून अर्ध्या तासाची फेरी मारायची. माझे यजमान ठाण्यातच राहिले, कारण त्यांना विमानात चार तासांपेक्षा जास्त बसवत नाही.

हेलिकॉप्टर म्हटले की आमच्याकडे दोनच गोष्टी आठवतात, निवडणूक आणि आपत्ती. निवडणुकीच्या दिवसांत शाळेच्या मैदानावर चुन्याचे पांढरे वर्तुळ आखले जाई, धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी मारले जाई, आणि अख्खी शाळा खिडक्यांना लटके. आपत्ती म्हणजे २७ जुलै २०१९चा दिवस: बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस हजाराच्या वर प्रवाशांसह अडकली होती, आणि आम्ही दिवसभर टीव्हीवर बोटी आणि हेलिकॉप्टरे पाहत बसलो होतो. मौजेसाठी कोणी हेलिकॉप्टरात बसते ही कल्पनाच आमच्या पिढीला थोडी संकोचाची वाटते. वन्संचा आक्षेप मात्र तांत्रिक होता. "अगं, विमानाला निदान पंख तरी असतात. याला काय आहे?" भाच्याने सांगितले की ज्या जातीच्या हेलिकॉप्टरात आपण बसणार आहोत त्याच जातीचे हेलिकॉप्टर दिदिए देल्साल नावाच्या फ्रेंच वैमानिकाने १४ मे २००५ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकवले होते. वन्सं म्हणाल्या, "त्याच्यात त्याची आई बसली होती का?"

किंमत भाच्याने सांगितली नाही. मी त्याच्या फोनवर पाहिली, मनात रुपयांचा गुणाकार केला आणि गप्प बसले. आमच्या सोसायटीच्या वर्षभराच्या मेंटेनन्सच्या जवळपास तो आकडा जात होता.

ते आनाऊ नावाच्या तळ्याकाठच्या गावापासून मिलफर्डपर्यंतचा रस्ता सुमारे १२० किलोमीटरचा आहे, आणि माझ्या आकृतीतला पहिला तुकडा मला या रस्त्यावरच भेटला. एग्लिंटन दरीत गाडी शिरली तेव्हा दोन्ही बाजूंना गर्द बीच वृक्षांचे उभे डोंगर होते आणि मधला तळ मात्र पिवळ्या गवताचा, इतका सपाट की क्रिकेटचे मैदान आखावे. आपल्या सह्याद्रीत दरी म्हटली की दोन्ही उतार खाली येऊन ओढ्यापाशी मिळतात. नदी करवतीसारखी खाली खाली कापत गेलेली असते. इथे करवत चाललेली नव्हती. कोणीतरी रुंद रंधा फिरवून मधला भाग काढून नेला होता. मी भाच्याला गाडी थांबवायला सांगितली, रस्त्याच्या कडेला उभी राहिले, आणि साठ वेळा काढलेला तो यू हवेत बोटाने आणखी एकदा काढून पाहिला. वन्संनी गाडीतून विचारले, "कोणाला हात करतेयस?"

पुढे होमरचा बोगदा लागतो. तो सव्वा किलोमीटरच्या आसपास लांब आहे, म्हणजे आपल्या कळवा-मुंब्र्याच्या पारसिक बोगद्याएवढाच. पण पारसिकचा बोगदा १९१६ साली वापरात आला आणि याचे खोदकाम सुरू झाले १९३५ साली, ते मंदीच्या काळात बेकारांना काम द्यायचे म्हणून, कुदळ-फावड्यांनी. १९३६ आणि १९३७ साली हिमस्खलनांत तिथे माणसे दगावली, मध्ये महायुद्ध आले, आणि रस्ता खुला व्हायला १९५४ साल उजाडले. तोंडाशी सिग्नलला गाड्या थांबतात, तेव्हा किआ नावाचे डोंगरी पोपट येऊन गाड्यांच्या खिडक्यांचे रबर कुरतडतात. बोगद्यातला रस्ता उतरता आहे, आत पाणी ठिबकत असते, आणि पलीकडच्या तोंडातून बाहेर पडलो तेव्हा समोर पावसाखेरीज काहीच नव्हते.

त्या दुपारचे आमचे उड्डाण रद्द झाले. कंपनीच्या मुलीने ढगांकडे बोट दाखवून दिलगिरी व्यक्त केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ दिली. मला वाईट वाटले, पण राग येण्याचे कारण नव्हते, कारण मिलफर्डला वर्षाला सुमारे ६८०० मिलिमीटर पाऊस पडतो. आंबोलीच्या माणसाला या आकड्याचे कौतुक वाटणार नाही. मात्र आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि तिथला बारा महिन्यांत वाटलेला असतो. टास्मान समुद्रावरून येणारे पश्चिमेचे वारे थेट उभ्या डोंगरांवर आदळतात आणि वर चढताना सगळे ओझे तिथेच टाकतात. प्रतिरोध पर्जन्य, सह्याद्रीचे उदाहरण देऊन स्पष्ट करा, पाच गुण.

उड्डाण नाही म्हणून आम्ही बोटीत बसलो, आणि आता वाटते की तो पाऊस पडला नसता तर पुढच्या दिवशीचे मला निम्मे कळले नसते. बोट तीन मजली होती. दोन्ही बाजूंच्या काळ्या कड्यांवरून शेकडो धबधबे सुटले होते. त्यांतले बहुतेक फक्त पावसापुरते, पाऊस थांबला की काही तासांत आटणारे. माळशेजला जुलैत गाडीवर धबधबा कोसळतो त्याचे हे मोठे भावंड. कायमचे धबधबे मोजकेच, त्यांतला स्टर्लिंग १५१ मीटरचा. बोटवाल्याने नाक थेट त्याच्याखाली नेले, वन्संनी पदर डोक्यावरून घेऊन हात जोडले आणि आम्ही सगळे चिंब भिजलो. पाणी चहाच्या रंगाचे, जवळजवळ काळे दिसत होते. जंगलातल्या कुजलेल्या पालापाचोळ्यातून झिरपून आलेले हे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर थरासारखे तरंगत राहते आणि खालचा उजेड अडवते, त्यामुळे एरवी खूप खोल समुद्रात राहणारे काळे प्रवाळ इथे कमी खोलीवरच वाढतात.

बोटीवर वन्संनी विचारले, "म्हणजे ही खाडीच ना? आपल्या ठाण्यासारखी?"

आता हा प्रश्न भूगोलाच्या शिक्षिकेला विचारायचा नसतो. मी त्यांना सांगितले की मराठीत खाडी हा शब्द फार मोठ्या मनाचा आहे, त्यात काहीही मावते. पण नदीने कोरलेली दरी समुद्रात बुडाली तर ती रिया, आणि हिमनदीने कोरलेली बुडाली तर फिओर्ड. इंग्रजीत साउंड म्हणतात तीही बुडालेली नदीची दरीच, म्हणजे मिलफर्ड साउंड हे नावच मुळात चुकीचे. त्यातली गंमत अशी की एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन ग्रोनो नावाच्या सीलची शिकार करणाऱ्या कप्तानाने या जागेला वेल्समधल्या मिलफर्ड हेवनचे नाव दिले, आणि ते मिलफर्ड हेवन खरोखरच रिया आहे. म्हणजे नाव एका प्रकारच्या किनाऱ्यावरून उचलले आणि दुसऱ्याच प्रकारच्या किनाऱ्याला चिकटवले. माओरी लोकांचे नाव पिओपिओताही, एकटा पिओपिओ पक्षी, आणि आता तोही पक्षी जगात उरलेला नाही. हे सगळे सांगून झाल्यावर वन्सं म्हणाल्या, "बरं बाई, फिओर्ड. पण लांबी किती?" लांबी सुमारे १५ किलोमीटर. ठाण्याची खाडी २६ किलोमीटर आहे. "म्हणजे आपलीच मोठी," असे म्हणून वन्सं कॉफी आणायला गेल्या, आणि मला उत्तर सुचेना.

दुसऱ्या दिवशी आभाळ धुऊन काढल्यासारखे निळे होते.

हेलिकॉप्टरात बसण्याआधी वजन करतात, आणि तेही सर्वांसमोर, हातातल्या पिशवीसकट. कोण कुठे बसणार हे वयावर, मानावर किंवा पैशांवर ठरत नाही, वजनावर ठरते. त्यामुळे वन्संना पुढे वैमानिकाशेजारची, पायाखालीही काच असलेली जागा मिळाली आणि मला मागची उजवी खिडकी. कमरेला जीवरक्षक जाकिटाची पिशवी बांधली, कानांवर बोलायचे यंत्र चढवले. शेपटीकडे अजिबात जायचे नाही, तिथला छोटा पंखा फिरताना दिसत नाही. समोरून, वैमानिकाच्या नजरेच्या टप्प्यातून, मान खाली घालून यायचे. वन्संची मान खाली घालण्याची गरज नव्हती, पण त्यांनी घातली.

आम्ही जमीन केव्हा सोडली ते कळले नाही. विमानासारखे धावणे नाही, पाठ खुर्चीला रेटली जाणे नाही. आधी हलका थरकाप, मग एक क्षण तरंगल्यासारखे, मग नाक किंचित खाली करून यंत्र पुढे घसरू लागले, झोपाळ्याला कोणी मागून हलकेच हात लावावा तसे. काही सेकंदांत काळे पाणी खाली आले आणि समोर मायटर शिखर उभे राहिले. ते १६८३ मीटर उंच आहे. आपले कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे फरक अवघा ३७ मीटरचा. कळसूबाईवर मी तरुणपणी सहलीबरोबर चढून गेलेली आहे. पण कळसूबाईचा पायथाच समुद्रापासून कितीतरी वर, पठारावर आहे, आणि मायटरचा पायथा भरतीच्या पाण्यात बुडालेला, शिवाय पाण्याखालीही भिंत तशीच खाली गेलेली. फिओर्डच्या सर्वांत खोल जागी पाणी सुमारे २९० मीटर खोल आहे. तक्त्यात शेजारीशेजारी लिहिलेल्या दोन आकड्यांचा अर्थ इतका निराळा असू शकतो हे मी शिकवले होते की नाही, ते आता आठवत नाही.

आणि इथेच माझी फसगत झाली. बाहेर पाहताना मला भीती वाटली नाही, दडपणही आले नाही, ते सगळे फार लहान वाटले. उजवीकडची भिंत शंभर पावलांवर आहे आणि तिच्यावरचे हिरवे म्हणजे शेवाळ आहे असे वाटत होते. तिथे घर नाही, विजेचा खांब नाही, पायवाट नाही, गुरे नाहीत. डोळ्याला ज्याच्याशी तुलना करता येईल असे काहीच नाही. मी एका सुबक आकृतीत बसून उडत होते. तेवढ्यात कड्याच्या पायथ्याशी, एका पांढऱ्या रेघेच्या खाली, तांदळाच्या दाण्याएवढे काहीतरी चमकले. दाणा किंचित हलला. ती कालची बोट होती, तीन मजल्यांची, जिच्या वरच्या मजल्यावर आम्ही शंभरेक माणसे भिजत उभी होतो; आणि ती पांढरी रेघ म्हणजे स्टर्लिंगचा धबधबा, घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या पन्नास मजली टॉवरएवढा. त्या दाण्यावरून डोळा रेघेवर गेला, रेघेवरून भिंतीवर, आणि भिंत एकाएकी मागे सरकून उंच उंच होत गेली. हिरवे शेवाळ म्हणजे झाडे होती. माझ्या पोटात तेव्हा गोळा आला, उड्डाणाच्या क्षणी आला नव्हता.

त्यानंतर मी नीट पाहू लागले. स्टर्लिंगचे पाणी ज्या दरीतून येते ती दरी वरून अगदी स्पष्ट दिसते: तीही यू आकाराचीच, पण छोटी, आणि कड्याच्या मध्यावर येऊन अचानक संपलेली. मोठ्या हिमनदीने मुख्य दरी खोल कोरली. बाजूने येऊन मिळणाऱ्या छोट्या हिमनदीला तेवढी ताकद नव्हती, तिचा तळ वरच राहिला. सुमारे १८-२० हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होते तेव्हा वरच्या बर्फामुळे हा फरक झाकलेला होता, आणि बर्फ गेल्यावर उघडा पडला. लोंबती दरी. तिच्या मागे हिमगव्हर, त्याच्या काठावर धारदार शिखर. मी मुलांना नेहमी सांगत असे की ही सगळी भूरूपे एका जागी सापडत नाहीत, सोयीसाठी आपण एका आकृतीत काढतो. ते चुकीचे होते. जिथे मला शंका होती तिथे आकृती खरी निघाली, आणि ज्या ओळीचा मी आग्रह धरत होते तिचा अर्थ मला लागला नव्हता.

समुद्राकडच्या तोंडापाशी वैमानिकाने वळण घेतले. बाहेरून पाहिले तर डोंगर एकमेकांत असे गुंतलेले दिसतात की आत एवढी वाट आहे याची शंकाही येऊ नये; कॅप्टन कूक १७७० साली याच किनाऱ्याजवळून गेला, पण आत शिरला नाही. तोंडाशी तळ उथळ आहे, घराच्या उंबरठ्यासारखा, आणि आत गेल्यावर खोल. हिमनदी समुद्राजवळ येता येता पातळ होते, तिचे खोदणे मंदावते आणि बरोबर आणलेला दगडमातीचा माल ती तिथेच टाकते. परतताना कड्यांवर जंगल खरवडून काढल्यासारखे उभे पट्टे दिसले. इथली झाडे मातीत रुजलेली नसतात. ओल्या खडकावरच्या शेवाळात मुळे एकमेकांत अडकवून उभी असतात, आणि जोराच्या पावसात एक झाड सुटले की खालच्या सगळ्यांना घेऊन पाण्यात जाते. आमच्या जुन्या इमारतींच्या भिंतींवर उगवलेले पिंपळ मला आठवले, पण पिंपळ इतका सहज सुटत नाही.

मग आम्ही वर चढू लागलो, फिओर्डलँडमधल्या सर्वांत उंच, २७०० मीटरहून अधिक उंचीच्या तुतोको शिखराच्या दिशेने. झाडे संपली, गवत संपले, उघडा खडक लागला, आणि त्याच्यावर हिमनदी होती. वन्संचा आवाज कानांतल्या यंत्रातून आला: "ही? एवढी मळकी?"

मळकीच होती. मार्च म्हणजे तिकडच्या उन्हाळ्याची अखेर. वर्षभराचे ताजे हिम खालच्या भागात वितळून गेले होते आणि जुना, राखाडी, दगडधुळीने माखलेला बर्फ उघडा पडला होता, आडव्या भेगांनी फाटलेला, जुनाट रस्त्याच्या डांबरासारखा. भेगांच्या आत तेवढा निळा रंग होता. दाबाने हवेचे बुडबुडे निघून गेलेला घट्ट बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो आणि निळा तेवढा परत येतो, म्हणजे निळा खडू नेमका तिथे लागला असता. आणखी एका गोष्टीने मी चकित झाले: बर्फ जास्त होता तो दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारांवर. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण ठाऊक असूनही मी सकाळपासून सावल्यांवरून दिशा उलट्याच ओळखत होते.

वैमानिकाने वरच्या भागात, जिथे जुने हिम शिल्लक होते तिथे, यंत्र टेकवले आणि इंजिन बंद केले. पंखा मंदावत थांबला, कानांवरचे यंत्र काढले, आणि पहिल्यांदा ऐकू आले ते पाण्याचे वाहणे. कुठे दिसत नव्हते, पण पायांखालून, हिमाच्या आतून, नळ चालू राहिल्यासारखा आवाज सतत येत होता. वन्सं माझ्या दंडाला धरून चार पावले चालल्या, खाली वाकल्या, हिमाला हात लावून तो कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "गंगेचं पाणी असंच निघत असेल ना गं?" मी म्हणाले, "हो, वन्सं. गंगोत्रीलाही हिमनदीच आहे." त्या दिवशी आमचे एकमत झालेले हे एकच विधान.

हिमाच्या कडेला खडकाची एक उघडी पाठ होती, अलीकडेच बर्फाखालून मोकळी झालेली. वैमानिकाला विचारून मी तिच्याजवळ गेले. खडक घोटलेला होता, शाळिग्रामासारखा गुळगुळीत, आणि त्याच्यावरून एकाच दिशेने गेलेल्या कितीतरी समांतर रेघा होत्या, काही केसासारख्या बारीक, काही बोट बसेल एवढ्या रुंद. मी एका खोबणीत तर्जनी ठेवून हातभर पुढे नेली. पुढे ती जराशी उथळ होत संपली. ज्याने ती ओढली तो दगड तिथे बहुधा फुटला असावा किंवा उलटला असावा. मागच्या बाकावरचा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी एकाचा चेहरा मला आठवत होता, नाव आठवत नव्हते. तो आता चाळिशीचा असेल, आणि बर्फ कसा कापतो हा प्रश्न त्याच्या डोक्यात उरलाही नसेल. माओरी लोक सांगतात की हे फिओर्ड तू-ते-राकी-व्हानोआ या दैवी पुरुषाने वाकसाने तासून काढले. दक्षिणेकडून सुरुवात केली तेव्हा हात बसला नव्हता, म्हणून तिकडचे किनारे ओबडधोबड, आणि मिलफर्डला पोचेपर्यंत कारागिरी साधली. ते काम इतके सुंदर झाले की माणसे इथेच राहतील अशी भीती मृत्युदेवता हिने-नुई-ते-पो हिला वाटली, म्हणून तिने चावऱ्या चिलटांना इथे सोडले. त्या चिलटांनी आदल्या संध्याकाळी आमचे पाय फोडून काढले होते, त्यामुळे कथेच्या उत्तरार्धाबद्दल माझ्या मनात शंका नाही.

वैमानिक पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस होता. त्याने समोरच्या भिंतीवरची एक रेषा दाखवली, जिच्या वर खडक काळपट आणि खाली फिकट होता, आणि म्हणाला की मी हे काम सुरू केले तेव्हा बर्फ त्या रेषेच्या बराच जवळ होता. १९७७ सालापासून न्यूझीलंडचे शास्त्रज्ञ दर उन्हाळ्याच्या अखेरीस छोट्या विमानातून सुमारे पन्नास हिमनद्यांची छायाचित्रे घेत आले आहेत. ट्रेव्हर चिन या हिमनदीतज्ज्ञाने ही पद्धत सुरू केली. पाहायचे ते एवढेच, की जुना राखाडी बर्फ कुठे संपतो आणि यंदाचे पांढरे हिम कुठे सुरू होते. ती सीमा जितकी वर, तितका त्या वर्षीचा तोटा मोठा. १९७८ पासून तिथल्या हिमनद्यांतला एक तृतीयांशाहून अधिक बर्फ गेला आहे.

आणि आम्ही ते पाहायला हेलिकॉप्टरने गेलो होतो. हे यंत्र तासाला दीडशे ते दोनशे लिटर इंधन पिते, म्हणजे आमच्या अर्ध्या तासाच्या वाट्याला ८०-९० लिटर आले, मुंबईहून तिथवर आलेल्या विमानांचा हिशेब वेगळाच. मुलांना दिवे बंद करायला लावणाऱ्या बाईने हे करावे का, हा प्रश्न मी स्वतःला तिथेच, हिमावर उभी असताना विचारला. पुन्हा जाणार नाही, हे ठरवले. गेले नसते तर बरे झाले असते, असे मात्र मला म्हणवत नाही, आणि तसे म्हणून मोकळे होणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तसेही या डोंगरांत हेलिकॉप्टर आले ते पर्यटकांसाठी नव्हे. युरोपीय वसाहतवाल्यांनी शिकारीसाठी हरणे आणून सोडली, त्यांनी जंगल खाऊन टाकले, आणि १९६०च्या दशकापासून ती हरणे हेलिकॉप्टरमधून टिपून त्यांचे मांस निर्यात होऊ लागले. पुढे तर हरणांच्या शेतीसाठी ती वरून जाळी टाकून जिवंत पकडू लागले. अशा अरुंद दऱ्यांत हात बसलेल्या त्या वैमानिकांपैकीच काहींनी नंतर प्रवासी न्यायला सुरुवात केली. आमच्या वैमानिकाचा काका त्यांपैकी एक होता. वन्संना हे मी मराठीत सांगितले नाही. त्या हिमाकडे बघत होत्या.

उतरताना दहा मिनिटे कोणी बोलले नाही, आणि जमिनीवर आल्यावर वन्संनी पहिले वाक्य उच्चारले ते चहाविषयी.

ठाण्याला परतल्यावर महिनाभर मी खाडीकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहत होते. ऐरोलीच्या पुलावरून ओहोटीच्या वेळी चिखल उघडा पडलेला दिसतो, कांदळवनाच्या हिरव्या कडा दिसतात, आणि हंगामात रोहित पक्ष्यांचे गुलाबी पट्टे. २०२२ साली या खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला तेव्हा मी निवृत्त झालेली होते, नाहीतर त्यावर एक तास नक्की घेतला असता. ही खाडी बुडालेली, उथळ, गाळाने भरत चाललेली, आणि मिलफर्डपेक्षा लांब. हिच्यात घर, पूल, खांब, माणसे इतकी आहेत की प्रमाण चुकायला जागाच नाही.

मे महिन्यात वन्सं आमच्याकडे राहायला आल्या आणि सोसायटीतल्या चार-पाच जणींना घेऊन आम्ही भाच्याने काढलेले चित्रण टीव्हीवर लावले. आवाज नुसता घरघरीचा. निळे आभाळ, काळे पाणी, हिरवी भिंत. एक जण म्हणाली, "अगदी माळशेजसारखं दिसतंय हो." दुसरीने विचारले, जेवणाची सोय काय होती. मला राहवेना, मी चित्रण थांबवले, मागे नेले, पुन्हा थांबवले, आणि टीव्हीजवळ जाऊन त्यांना सांगू लागले की ही पांढरी रेघ दिसते ना, ती पन्नास मजल्यांची आहे, आणि तिच्या खाली नीट पाहा, एक बोट आहे, तीन मजली. कोणाला दिसेना. "कुठे? कुठे?" म्हणत सगळ्या पुढे सरकल्या. तेव्हा वन्सं उठल्या, चष्मा सारखा केला, "अगं ही बघा, ही!" म्हणत पडद्यावर बोट ठेवले, आणि त्या बोटाखाली बोट, धबधब्याचे टोक आणि कड्याचा पायथा, सगळेच झाकले गेले.